किल्लारीची भिंत

(पहाट. जुनी किल्लारी, जिल्हा लातूर. वेड्या बाभळीत उरलेली भिंत.)

ही भिंत जवळून बघा. दगड आणि माती, सिमेंटचा कण नाही. वर माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गाव नुकतंच निजलं होतं, तेवढ्यात भूकंप झाला.

(निवेदन थांबते. फक्त वारा.)

तेव्हा लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते. लष्कर आलं, मदत आली, पुढे 52 गावं नव्या जागी वसली. पण अशा वेळी कुणी कुणाला हुकूम द्यायचा, याचा देशपातळीवर कायदाच नव्हता. दिल्लीत हा विषय होता चक्क कृषी खात्याकडे. आपत्ती म्हणजे दुष्काळ, हा जुना हिशेब!

2002 साली विषय गृहखात्याकडे गेला. 2004 मध्ये गृहखातं आलं चाकूरकरांकडे. सात वेळा निवडून देणाऱ्या लातूरनं त्यांना त्याच वर्षी पाडलं होतं. ते राज्यसभेवर गेले. डिसेंबरात त्सुनामी आली.

(जुनं संसद भवन.)

मे 2005. आपत्ती व्यवस्थापनाचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. आता अडचण बघा. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत 'आपत्ती' हा विषयच नाही, मग केंद्रानं कायदा करायचा कशाच्या जोरावर? केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या समवर्ती सूचीतली 23 वी नोंद सापडली, सामाजिक सुरक्षेची. विधेयक स्थायी समितीकडे गेलं. या विभागवार समित्या सुरू झाल्या 1993 मध्येच, चाकूरकर अध्यक्षपदी असताना. शेवटी दोन्ही सभागृहांतून पार पडून 23 डिसेंबरला राष्ट्रपतींची मोहोर उमटली.

एकूण 79 कलमं. आपल्या कामाचं 25 वं: जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण, प्रमुख कलेक्टर, सोबत जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. 44 व्या कलमातून एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, उभं राहिलं. सुरुवातीला 8 बटालियन. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी आणि सीआयएसएफ या केंद्रीय दलांच्या प्रत्येकी दोन. पुरात पुण्याहून मराठवाड्यात येणारे नारंगी कपड्यांतले जवान याच दलाचे.

(चाकूर. कवायतीच्या बुटांचा आवाज.)

हे चाकूर, साहेबांचं गाव. माळावर बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिकडे लातुरात सीआरपीएफचं. ही कुणामुळे आली, ते इथल्या चहाच्या टपरीवर विचारा.

2008 मध्ये शहराशहरांत स्फोट झाले, 26 नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि 30 तारखेला चाकूरकरांनी राजीनामा दिला. एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, कायदा पुढच्या महिन्यात आला.

(जिल्हाधिकारी कार्यालय. नियंत्रण कक्षातला फोन.)

1077. पावसाळ्यात हा फोन रात्रीही खणखणतो. 2022 साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज यायला लागले, तेव्हा पोराबाळांसकट माणसं घराबाहेर झोपायला लागली.

(किल्लारीचा स्मृतिस्तंभ. पोलिसांची मानवंदना. बंदुकांचा आवाज जसाच्या तसा ठेवावा.)