नाव विचारणारा चित्रकार

(दृश्य: कलाशाळेतलं टेबल, लिनोवर चालणारी कोरणी, अगदी जवळून)

कोरणी टेकते, पुढे सरकते आणि लिनोची, म्हणजे छापण्यासाठी कोरायच्या मऊ तक्त्याची, बारीक साल वर वळत येते. कोरलं ते पांढरं राहणार, ठेवलं ते काळं उमटणार. शिवाय सगळं उलटं, डावा हात उजवीकडे. चुकलात तर खोडरबर नाही.

आयुष्याची जवळपास तीस वर्षं मुंबईत राहून एक बंगाली माणूस हे काम करत होता. चित्तप्रसाद. भट्टाचार्य हे आडनाव जात सांगतं म्हणून त्यांनीच गाळलेलं. जन्म १९१५ चा, नैहाटीचा. शिक्षण चितगावला, चित्रकला मात्र आपली आपणच शिकलेले.

(दृश्य: शाईतली रेखाटनं, एकामागून एक. इथे निवेदन सावकाश.)

नोव्हेंबर १९४३, दुष्काळातल्या बंगालमधला मेदिनीपूर जिल्हा. आदल्या वर्षीच्या चक्रीवादळात भात गेलेलं. त्यात महायुद्ध, साठेबाजी आणि जपानी येतील या धास्तीने सरकारने काढून घेतलेला तांदूळ, होड्यासुद्धा. कम्युनिस्ट पक्षाचा हा कार्यकर्ता वही-शाई घेऊन गावोगाव पायी फिरला. चित्र काढायचं आणि माणसाला विचारायचं: नाव काय, गाव कुठलं, घरात कोण उरलंय? ते चित्रासोबत लिहून ठेवायचं. उपाशी माणसाचं चित्र काढणारे पुष्कळ असतात, नाव विचारणारे थोडे.

या फरफटीचं पुस्तक झालं, ‘हंग्री बेंगॉल’. ब्रिटिशांनी त्याच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांनी जपलेली एक प्रत तेवढी वाचली. २०११ मध्ये तिच्यावरून पुस्तक पुन्हा छापलं गेलं. दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे.

(दृश्य: अंधेरी स्टेशन, सकाळची गर्दी)

१९४६ मध्ये चित्तप्रसाद मुंबईत आले. पक्षाच्या नियतकालिकांसाठी चित्रं काढली, नौदलाचं बंड कागदावर उतरवलं. ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेचं, नगारा वाजवणाऱ्याचं बोधचिन्ह त्यांचंच. दशक संपता संपता पक्षापासून ते दूर झाले. अंधेरीत मुक्काम, आणि हातात लिनो.

लिनो म्हणजे खरं तर जमिनीवर अंथरायची वस्तू. जवसाचं तेल, बुचाचा भुगा, पाठीला तागाचं कापड. (नैहाटी तागाच्या गिरण्यांचं गाव, हा योगायोग आम्हाला सोडवेना.) मोठा छापखाना लागत नाही. रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचं. कॅनव्हास एकाच्याच भिंतीवर जातो; लिनोच्या पन्नास प्रती पन्नास घरांत जातात. आमच्या मते त्यांनी लिनो धरला तो यासाठी.

(दृश्य: राबणाऱ्या मुलांचे लिनोकट)

ही मुलं पाहा. ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’, पऱ्यांच्या गोष्टी न ऐकलेली मुलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरलेली ही मालिका पुस्तकरूपात आली १९६९ मध्ये, तीही युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीकडून. अशाच मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ हे बाहुल्यांचं थिएटर चालवलं. १९७८ मध्ये कोलकात्यात ते गेले.

(दृश्य: कलाशाळेतला वर्ग, पुन्हा तेच टेबल)

विद्यार्थिनी कागदाचं एक टोक धरून हळूच उचलते. काळा ठिपका नको तिथे आलाय. ती लिनो पुसते, पुन्हा रूळ फिरवते. आता दुसरी प्रत.