मेंढीची पापणी आणि जंताचं औषध

शेतकरी आणि मेंढपाळ बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पावसाळ्यात एखादी मेंढी अंगाने बरी दिसते, लेंड्याही बांधीव असतात, आणि चरता चरता खाली बसते ती उठतच नाही. हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. हिमोंकस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्याने सहसा हगवण लागत नाही. एका जंतापायी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जातं. हजार जंत असले तर रोजचं ५० मिलिलिटर! ३० किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम दोन लिटर.

म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लाल असेल तर काळजी नाही. पांढरट दिसली, किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर त्या मेंढीला जंताचं औषध द्यायला थांबू नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे बघाच.

औषध मात्र वजनावर द्या. नजरेचा अंदाज बहुधा कमी भरतो. अल्बेंडाझोल मेंढीला किलोमागे ७.५ मिलिग्रॅम लागतं. अडीच टक्क्यांच्या औषधात मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे ३० किलोला ९ मिलिलिटर. बाटली दहा टक्क्यांची असेल तर सव्वादोनच. मात्रा कमी पडली की कमजोर जंत मरतात, चिवट उरतात, आणि पुढे त्यांचीच पिलावळ कळपात वाढते. नुकत्याच फळलेल्या मेंढ्यांना पहिला महिनाभर अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांना दुसरं औषध विचारा.

पाजताना मान उंच ताणू नका, औषध फुफ्फुसात जातं. तोंडाच्या कोपऱ्यातून नळी जिभेच्या मागच्या भागावर न्या आणि सावकाश सोडा. मेंढी खोकली तर लगेच थांबा.

सकाळी दव असताना कळप सोडण्याची घाई नको. जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढलेल्या असतात. तळ्याकाठच्या दलदलीत गोगलगायी असतात, तिथून गाई-मेंढ्यांना लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत, होतो. त्याला वर सांगितलेली मात्रा पुरत नाही, औषध डॉक्टरच ठरवतील.

औषधानंतर चौदाव्या दिवशी आठ-दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या डब्यांत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तपासणीत जंतांची अंडी पुष्कळ निघाली, तर औषध लागू पडलेलं नाही, तेच औषध पुन्हा पाजू नका.