सलाईन म्हणजे रक्त नव्हे

नमस्कार श्रोतेहो. उसाचा हंगाम आला की सोलापूरहून पुणे, हैदराबाद, विजयपूरकडे जाणाऱ्या आपल्या सगळ्याच रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अपघातातला जखमी दवाखान्यात पोचला की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, आधी सलाईन लावा!" लावतात की. पण कोणतं, किती आणि कुठे थांबायचं, खरी कसोटी तिथे आहे.

अंगात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसात चार लिटरच्या थोडं वर. त्यातलं सहाशे मिलिलिटर गेलं तरी शरीर निभावून नेतं. सव्वा लिटरपर्यंत नाडी शंभरावर धावते, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब बरेचदा ठीकच दिसतो. फसगत होते ती इथेच. दाब कोसळतो तोवर जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो.

दोन्ही हातांना जाड, आखूड सुई हवी, १४ किंवा १६ गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी सुई जाड). नळीची त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह सोळापट होतो. निळ्या टोपीच्या बारीक सुईतून वेळ फक्त वाया जातो. त्याच वेळी रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते पाहण्यासाठी, नमुना घ्यायचा. मग कोमट रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन, ही दोन्ही क्षारांची सलाईनं, मोठ्या माणसाला साधारण एक लिटरपर्यंत, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. साखरेचं सलाईन इथे कुचकामी: साखर शरीर वापरून टाकतं आणि पाणी अंगभर पसरतं, रक्तवाहिन्यांत बाराव्या हिश्श्याइतकंच उरतं.

आणखी बाटल्या का नकोत? पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावं, तसं रक्त पातळ होतं आणि गोठवणारे घटकही विरळ होतात. दाब एकदम चढला तर नुकतीच धरलेली गुठळी निसटते. गार सलाईनने अंग थंडावलं की रक्त गोठेनासं होतं. म्हणून रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा दाब ८० ते ९० वरच ठेवतात. डोक्याला मार असेल तर मात्र हे चालत नाही, मेंदूला जास्त दाब लागतो.

पुढे रक्तच हवं. मोठ्या रक्तस्रावात लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि प्लेटलेट्स (गुठळी धरायला लागणाऱ्या बारीक पेशी) सारख्या प्रमाणात देतात. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट जखमीच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून कॅल्शियमही द्यावं लागतं.

तोवर तुमच्या हातात काय? १०८ ला फोन. जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तोंडाने पाणी किंवा चहा नको, ऑपरेशनच्या वेळी उलटी फुप्फुसात जाऊ शकते. अंगावर आपली सोलापुरी चादर टाका. ऊब हासुद्धा उपचारच आहे. आणि अपघात किती वाजता झाला ते लिहून ठेवा. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड, एक ग्रॅम दहा मिनिटांत, पहिल्या तीन तासांच्या आतच द्यायचं असतं. ती वेळ डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे.