फौंड्रीतली रेट्रो : आठ माणसं, एक तास

[दृश्य : कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. फौंड्रीच्या वरच्या मजल्यावरची खोली.]

नव्या कास्टिंगची, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागांची, पहिली खेप गेली, की पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), मोल्डिंग (वाळूचा साचा), मेल्टिंग (धातू वितळवणं), फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि क्वालिटीची मिळून आठ माणसं तासभर बसतात. सॉफ्टवेअरच्या टीम घेतात, तीच ही रेट्रोस्पेक्टिव्ह, थोडक्यात रेट्रो : झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची बैठक. खुर्च्या अर्धगोलात, मध्ये टेबल नाही. टेबल आलं की साहेब त्याच्या टोकाला बसतात आणि बाकीचे त्यांचा चेहरा बघून बोलतात.

चिठ्ठ्या तीन इंची, मार्कर जाड. बॉलपेनचं अक्षर लांबून लागत नाही. चिकट चिठ्ठी खालून वर ओढली की वळते आणि पंख्याच्या वाऱ्यानं पडते. ती बाजूनं सोलावी. रंगाची पूड सुटणाऱ्या भिंतीवर ती टिकतच नाही, म्हणून आधी चार्ट पेपर टेपनं लावायचा.

पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या कामाची. मग दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. एका चिठ्ठीवर एकच, घडलेली गोष्ट. ‘मोल्डिंगवाले लक्ष देत नाहीत’ हे मत झालं. ‘रात्रपाळीला वाळूची ओल मोजली नाही’ ही नोंद. घाईत हीच दहा मिनिटं आधी कापली जातात, आणि तिथंच बैठक बिघडते : मोठ्या आवाजाचा माणूस विषय ठरवतो, नवा हेल्पर तोंडच उघडत नाही. साहेबांनी आपल्या चिठ्ठ्या सगळ्यांत शेवटी लावाव्यात.

पंधरा मिनिटांत चिठ्ठ्या वाचून सारख्या एकत्र करायच्या, मतदानाच्या आधीच. नाहीतर ब्लोहोलचा, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूनं पडलेल्या पोकळ्यांचा, विषय तीन चिठ्ठ्यांत फुटतो, मतंही फुटतात आणि कॅन्टीनचा चहा वर जातो. मतदानाला प्रत्येकाला तीन ठिपके, हव्या त्या विषयावर द्यायला. पाच मिनिटं पुरतात.

[दृश्य : चार्टवर एकाखाली एक ‘का?’]

चर्चा वीस मिनिटं, सगळ्यांत जास्त ठिपक्यांच्या एकाच विषयावर. ब्लोहोल का आले? साच्यात वायू अडकला. का? वाळूत ओल जास्त होती. का? मिक्सरमध्ये पाणी अंदाजानं पडलं. का? ओल मोजायचं यंत्र क्वालिटीच्या कपाटात, आणि रात्री कपाटाला कुलूप. इथं थांबायचं, कारण यावर उद्याच काही करता येतं. ‘ऑपरेटर निष्काळजी’ एवढ्यावर थांबलात, तर पुढच्या वेळी तो ऑपरेटर कोरी चिठ्ठी देईल.

उरलेल्या पाच मिनिटांत एकच काम लिहायचं, नाव आणि तारखेसह. ‘काळजी घेऊ’ हे काम नव्हे. चार्टवर असं हवं : यंत्र सोमवारपासून मिक्सरजवळ, जबाबदारी क्वालिटी सुपरवायझरची, दर पाळीला वाळूच्या पहिल्या घाण्याची ओल फळ्यावर.