पेशंट परत येतो तेव्हा

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, काहींची इंटर्नशिप चालू आहे. अमेरिकेतल्या शहरात फॅमिली मेडिसिनची, म्हणजे अख्ख्या कुटुंबाचा डॉक्टर घडवणाऱ्या शाखेची, रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण) कशी असते हे सांगायला मला बोलावलंय. रोटेशनची, म्हणजे आळीपाळीने ज्या विभागांत काम करायचं त्यांची, यादी मी पटकन उरकते. तीन वर्षं. वॉर्ड, आयसीयू, प्रसूती, लहान मुलं, इमर्जन्सी, मानसोपचार, वृद्धांची काळजी, बारीकसारीक शस्त्रक्रिया. कामाचे तास आठवड्याला जास्तीत जास्त ८०, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून. हा नियम २००३ सालापासून सगळ्याच शाखांना लागू आहे. थकवा येतो, आणि तो कसा असतो हे नाइट ड्युटी केलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्याच्या मधून एक धागा जातो, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. ती म्हणजे स्वतःच्या पेशंटांची ओपीडी. पहिल्या वर्षी आठवड्यातली एखादी दुपार, तिसऱ्या वर्षी तीन-चार. तुमच्या नावावर माणसं असतात. रोटेशन बदलतं, वॉर्ड बदलतो, ती माणसं मात्र तीच राहतात. माझ्या वेळी तीन वर्षांत अशा किमान १६५० भेटी व्हाव्यात असा नियम होता. २०२३पासून भेटींऐवजी तास मोजतात, किमान १०००. मला हा बदल आवडला. भेटी मोजल्या की घाई होते.

ही शाखा तिथे फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले डॉक्टर भराभर स्पेशालिस्ट होत गेले. माणसाचा एकेक अवयव सांभाळणारे वाढले आणि अख्खं माणूस कुणाचंच उरलं नाही. १९६६मध्ये यावर मोठे अहवाल निघाले आणि १९६९मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला विसावी शाखा म्हणून मान्यता मिळाली. या शाखेच्या बोर्डाने, म्हणजे परीक्षा घेऊन स्पेशालिस्टचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, सुरुवातीपासूनच ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देणं सक्तीचं केलं. तोवर कुठल्याच बोर्डाने तसं केलं नव्हतं. आणि १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माँटेफिओरे हॉस्पिटलने सोशल मेडिसिनची रेसिडेन्सी काढली. गरीब वस्तीत काम करणारे डॉक्टर त्या वस्तीतच घडवायचे, ही त्यामागची कल्पना. आज तिथल्या मोठ्या शहरांतल्या अनेक रेसिडेन्सी त्याच वाटेने चालतात.

आता एक आकडेवारी सांगते, ती लक्षात ठेवा. १९६१मध्ये केर व्हाइट हे डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. १००० प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण ॲडमिट होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो एक. आपण साडेपाच वर्षं शिकतो ते बहुतांशी त्या एकाच्या उशाशी उभं राहून. म्हणून ओपीडीत पहिल्या दिवशी आपण गांगरतो. ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. ते ज्ञान वेगळ्या गर्दीतून आलेलं असतं म्हणून.

माझा एक पेशंट सिटी बसचा ड्रायव्हर होता. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, बोलायला मितभाषी. बीपी १६८/१०२. मी गोळ्या सुरू केल्या, त्यात लघवी वाढवणारी गोळीही होती. महिन्याने आला, बीपी जवळपास तेवढंच. मी डोस वाढवला. परत आला, परत तेच. मी तिसरी गोळी जोडली. बाहेर येऊन वरिष्ठ डॉक्टरांना केस सांगितली. तिथे दर पेशंटनंतर किंवा आधी त्यांच्याशी बोलावंच लागतं. त्यांनी औषधाबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तो गोळी कधी घेतो?” मला माहीत नव्हतं. मी परत आत गेले. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “डॉक्टर, माझ्या रूटवर शेवटच्या स्टॉपपर्यंत बाथरूम नाही.” सकाळी गोळी घेतली की भरलेल्या बसमध्ये त्याला लघवी दाबून बसावं लागायचं. म्हणून ड्युटीच्या दिवशी तो ती घेतच नव्हता. आणि मला वाईट वाटेल म्हणून, हो हो, रोज घेतो, असं सांगत होता.

तीन महिने मी न घेतलेल्या गोळ्यांचे डोस वाढवत होते. हॉस्पिटलात हे घडलंच नसतं, कारण तिथे नर्स समोर उभी राहून गोळी देते. आणि तो एकदाच आला असता तरी मला कळलं नसतं. तो परत आला म्हणून कळलं. आम्ही गोळी बदलली, दुसरी रात्रीची केली. दोन महिन्यांनी वरचा आकडा १३४ होता. त्या दिवशी मला प्रसूती करून बाळ हातात घेतल्याइतका आनंद झाला, हे मी अगदी मनापासून सांगते.

शहरातल्या ओपीडीत भाषाही शिकाव्या लागतात, आणि त्याहून जास्त दुभाष्याबरोबर काम करणं शिकावं लागतं. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला असतो, पलीकडे दुभाषी. नवा रेसिडेंट फोनकडे बघून बोलतो. सहा महिने गेले की तो पेशंटकडे बघून बोलायला लागतो. आईचं दुखणं दहा वर्षांच्या मुलाकडून वदवून घ्यायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवसापासून.

तुम्हाला सर्वांत अवघड काय जाईल तेही सांगते. पोटात दुखणारी मुलगी समोर आहे, तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही, निदान नक्की नाही. वॉर्डात तिला ठेवून घेता येतं. इथे घरी पाठवायचं असतं. आमचे वरिष्ठ अशा वेळी एकच प्रश्न विचारत: “परत कधी बोलावलंस?” उद्या फोन की परवा भेट, काय झालं तर थेट इमर्जन्सीला यायचं, हे तिला आणि तिच्या घरच्यांना नीट समजलंय का. वाट बघणं हीसुद्धा एक तपासणी आहे, फक्त ती जबाबदारीने करायची असते. त्या पहिल्या काही रात्री झोप लागत नाही. लागू नयेच.

आणि एक गोष्ट मला आजही सलते. ज्या नात्यावर हे सगळं शिक्षण उभं आहे, तेच नातं तीन वर्षांनी आपण तोडतो. जून संपला की जुने रेसिडेंट जातात, जुलैत नवे येतात. माझी एक वयस्कर पेशंट पहिल्या भेटीत मला म्हणाली होती, “तू माझी चौथी.” तिने आधीच्या तिघांची नावं सांगितली, एकाचं लग्न कुठे झालं तेही सांगितलं. पैसेवाल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर वीस-वीस वर्षं तोच असतो. गरीब वस्तीत दर तीन वर्षांनी नवा, शिकाऊ. यावर सोपा उपाय माझ्याकडे नाही. पण याचा राग यायला हवा असं मला वाटतं.

करता येतं ते एवढंच, की पेशंट सोपवताना चिठ्ठी नीट लिहायची. शेवटच्या पंधरवड्यात रात्री घरी बसून मी एकेकाची लिहीत असे. निदान, औषधं, रिपोर्ट हे कॉम्प्युटरमध्ये असतंच. मी बाकीचं लिहिलं. या बाईंना नातवाबद्दल विचार, मग त्या गुडघ्याबद्दल बोलतील. याला वाचता येत नाही, पण तो सांगणार नाही. आणि ड्रायव्हरच्या चिठ्ठीत: बस चालवतो, रूटवर बाथरूम नाही, सकाळी लघवीची गोळी देऊ नकोस.