प्रभागातला प्रचार आणि हातातला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक जाहीर झाली की उमेदवाराच्या कार्यालयात पहिला शोध सुरू होतो तो रील्स बनवणाऱ्याचा आणि फॉलोअर वाढवून देणाऱ्याचा. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. परराज्यातील लाखभर लोकांनी चित्रफीत पाहिली, तरी त्यांच्यापैकी कोणाचे नाव आपल्या मतदार यादीत नसते. समाजमाध्यमांचा खरा उपयोग त्या यादीतील माणसाशी बोलण्यासाठी आणि त्याहीपेक्षा त्याचे ऐकून घेण्यासाठी आहे.

व्हॉट्सॲपचेच पाहा. ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीतून, पाठवलेला संदेश फक्त त्यालाच मिळतो, ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन करून ठेवलेला असतो. म्हणजेच कार्यकर्त्याने आधी घरी जायला हवे, ओळख करून द्यायला हवी आणि क्रमांक ठेवून घेण्याची विनंती करायला हवी. घरोघरच्या प्रचाराला इथे पर्याय नाही. शाळा, सोसायटी किंवा पतसंस्थेकडून क्रमांक मिळवून लोकांना न विचारता ग्रुपमध्ये ओढणे, हा तर त्यांचा विश्वासघातच आहे.

बूथनिहाय संपर्क उभा राहिला की सगळ्यांना एकच पोस्टर पाठवण्यात अर्थ उरत नाही. एका वस्तीचा प्रश्न अवेळी सुटणाऱ्या पाण्याचा असतो, तर शेजारच्या गावाचा बंद झालेल्या एसटी फेरीचा. त्या त्या प्रश्नावर उमेदवाराने स्वतःच्या आवाजात, खानदेशात अहिराणीतून किंवा तळकोकणात मालवणीतून, मिनिटभराचा संदेश द्यावा. त्यावर प्रश्न आला, तर त्याच दिवशी उत्तर द्यावे, आणि काम आपल्या अधिकारात नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

खर्चाच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे की, समाजमाध्यमावरचा प्रचार हिशेबाबाहेर असतो. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच याबाबत सूचना दिल्या आहेत. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपल्या खात्यांची माहिती द्यावी लागते, आणि जाहिरातींचा खर्चच नव्हे, तर मजकूर तयार करण्याचा खर्च आणि खाती सांभाळणाऱ्यांचे पगारही निवडणूक खर्चात धरले जातात. महाराष्ट्रात विधानसभेसाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिराती प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रमाणित करून घेणेही बंधनकारक आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. फोनवरून फिरणाऱ्या संदेशांनी ती भीती पसरवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. आपला प्रचारही याच वाटेने जातो, हे प्रत्येक ग्रुप ॲडमिनने ध्यानात ठेवले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याच्या जातीधर्मावरून चिथावणी देणारा किंवा त्याच्या तोंडी बनावट वाक्य घालणारा संदेश आपल्या ग्रुपवर आला, तर तो हटवावा आणि का हटवला तेही तिथेच लिहावे. यात आपल्या बाजूच्या कार्यकर्त्यालाही सूट नसावी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेली हुबेहूब पण खोटी चित्रफीत किंवा आवाज, निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्याचे निर्देश राजकीय पक्षांना दिले होते. गावपातळीवर मात्र तीन तासांत एखादा संदेश घरोघरी पोहोचलेला असतो, त्यामुळे ॲडमिनने स्वतः जागरूक राहण्याला पर्याय नाही.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचार थांबवावा लागतो. जाहीर प्रचार संपला, आता फोनवर चालेल, अशी पळवाट कोणी शोधू नये. मतदान केंद्र कोणते, यादीतील अनुक्रमांक कसा शोधायचा आणि कोणते ओळखपत्र चालते, ही माहिती त्यापूर्वीच प्रत्येक मतदाराला पाठवून ठेवावी, आणि ती आपल्याला मत न देणाऱ्यालाही पाठवावी.