कागलची लेक, इंदूरची सून

(दृश्य: पुणे-बंगळूर महामार्ग. उसाने भरलेल्या ट्रॉल्या. कागलची वेस.)

निवेदन:
कोल्हापुरातून दक्षिणेला निघालं की वीसेक किलोमीटरवर कागल लागतं. दूधगंगा ओलांडून थोडं पुढं गेलं की कर्नाटकाची हद्द. अख्खा जिल्हा या गावाला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतो. इथं पाहुण्याला आधी चहा विचारतात आणि चहा येईपर्यंत गट. कोण कुणाबरोबर आणि कोण कुणाच्या विरोधात, हे पोराटोरांना तोंडपाठ असतं. तेव्हा दोन हाडवैरी घराण्यांच्या सोयरिकीची गोष्ट सांगायची, तर ती इथूनच सुरू केलेली बरी.

एका बाजूला कागलचे घाटगे, दुसऱ्या बाजूला इंदूरचे होळकर. १८०१ साली घाटग्यांपैकी एकानं इंदूर लुटून जाळलं. १९२४ साली त्याच घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या राजवाड्यात सून म्हणून गेली. या दोन सालांच्या मध्ये काय काय झालं, ते आज पाहू.

(दृश्य: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. जुने नकाशे.)

निवेदन:
इंदूर लुटणाऱ्याचं नाव सखाराम घाटगे, म्हणजेच सर्जेराव. कागलकरांच्या भाऊबंदांपैकी. कोल्हापूरच्या छत्रपतींशी बिनसलं म्हणून हा घोडेस्वारांचं लहानसं पथक घेऊन परशुरामभाऊ पटवर्धनांकडं गेला, तिथून नाना फडणवीसांकडं. धाडस होतं, डोकं होतं, आणि घरात एक मुलगी होती. बायजाबाई. जन्म १७८४, कागलचा. तिच्या रूपाची कीर्ती पुण्याच्या छावण्यांपर्यंत पोचलेली होती.

त्या वेळी पुण्यात सगळ्यांत मोठी फौज होती दौलतराव शिंद्यांची. वय अठरा-एकोणीस. महादजींचा वारस, पण महादजींचा पोच त्याच्याकडं नव्हता. त्यानं बायजाबाईला मागणी घातली. सर्जेरावांनी आधी आढेवेढे घेतले. मुलगी द्यायचीच होती, पण फुकट नव्हे. दिवाणगिरी ठरली, त्यात दुसरे बाजीराव पेशवेही मध्ये पडले, आणि १७९७च्या ३१ डिसेंबरला ज्या नानांकडं सर्जेराव चाकरीला होता, तेच नाना फडणवीस शिंद्यांच्या कैदेत गेले. दोनेक महिन्यांत पुण्यात लग्नाचा बार उडाला.

लग्नाचा खर्च आणि फौजेचा थकलेला पगार कुठून काढायचा? पुण्याच्या सावकारांकडून. नव्या दिवाणानं शहरात जी वसुली मांडली, तिच्यात चांगल्या प्रतिष्ठित माणसांना तापलेल्या तोफेला बांधलं गेलं. गंगाधरपंत भानू त्यात मेले. पुण्यात सर्जेराव हे नाव पुढं कित्येक वर्षं शिवीसारखं घेतलं जायचं, आणि त्यात पुणेकरांची काही चूक नव्हती.

(दृश्य: उज्जैनचा क्षिप्रा घाट. तिथून इंदूरचा राजवाडा.)

निवेदन:
होळकरांचं आणि शिंद्यांचं वैर याच काळात रक्ताचं झालं. १७९७च्या सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेनं पुण्यात मल्हारराव होळकरांच्या गोटावर हल्ला केला, त्यात मल्हारराव मारले गेले. १८०१च्या एप्रिलमध्ये विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. या दोघांचा भाऊ यशवंतराव. त्यानं जुलैमध्ये उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या. उज्जैन म्हणजे शिंद्यांचं नाक.

त्याची भरपाई करायला दौलतरावांनी सासऱ्यांना पाठवलं. ऑक्टोबर १८०१. सर्जेराव इंदूरवर चालून गेले, यशवंतरावांचा पराभव झाला आणि शहर शिंद्यांच्या फौजेच्या हाती पडलं. उज्जैनचा सूड इंदूरच्या घराघरातून वसूल झाला.

वर्षभरात यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजा मोडल्या, बाजीराव वसईला पळाले, इंग्रजांशी तह झाला. पुढचा इतिहास शाळेतच पाठ झालेला असतो, तो इथं नको. सर्जेरावांचं एवढंच सांगायचं, की १८०९ साली ते शिंद्यांच्याच छावणीत मारले गेले.

(दृश्य: जोतिबाचा डोंगर. गुलाल. सासनकाठ्या.)

निवेदन:
सौदा करून दिलेल्या या मुलीचा संसार मात्र चांगला झाला. बायजाबाई घोड्यावर पक्क्या बसायच्या, भाला-तलवार चालवायच्या. दौलतराव मोहिमेवर निघाले की बायजाबाईंचा तंबूही बरोबर निघायचा. सासरा गेला, दिवाणगिरी गेली, सौद्यातलं काहीच शिल्लक राहिलं नाही, तरी दौलतरावांच्या दरबारात बायजाबाईंचा शब्द शेवटपर्यंत चालला.

जोतिबाला जाणारे लाखो भाविक या नवराबायकोच्या काळातली एक वास्तू रोज पाहतात, पण तिचा कर्ता कोण हे फारसं कुणी विचारत नाही. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. मूळ मंदिर १७३० साली राणोजी शिंद्यांनी पुन्हा बांधलं. त्याच्या शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८चं, दौलतरावांनी बांधलेलं. म्हणजे कागलच्या जावयाचं. नीट बघितलं तर काळ्या दगडातलं ते काम दणकट आहे, उगाच नक्षीचा हव्यास नाही. पुण्यात सासऱ्यानं केलं ते आठवून इथं उभं राहिलं, की जरा गोंधळायला होतं.

१८२७ साली दौलतराव वारले. मुलगा नव्हता. आपल्यामागं बायजाबाईंनी कारभार बघावा, ही त्यांची इच्छा होती. सहा वर्षं त्यांनी ग्वाल्हेर चालवलं. काशीच्या ज्ञानवापीची खांबांची ओवरी त्यांनी बांधली. १८३३मध्ये दत्तक पुत्र जनकोजींनी त्यांना ग्वाल्हेरबाहेर काढलं.

हद्दपारीत असताना, १८३५ साली, फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांना फतेगडला भेटली. तिनं आठवणी लिहून ठेवल्या आहेत. पिकलेले केस, गोड हसू, आणि घोड्याचा विषय निघाला की डोळ्यांत चमक. इंग्रज बायका दोन्ही पाय एका बाजूला टाकून घोड्यावर बसतात, हे या कागलच्या लेकीला भलतंच विचित्र वाटलं. मग पाहुणीला मराठी पद्धतीनं घोड्यावर बसवण्यात आलं, आणि पाहुणीनं कबूल केलं की हेच बरं. पन्नाशी उलटलेली, राज्य गमावलेली विधवा, आणि तरीही आपल्या बैठकीविषयी एवढी खात्री. मला हा प्रसंग ग्वाल्हेरच्या सहा वर्षांच्या कारभारापेक्षा जास्त आवडतो.

बायजाबाई १८६३ साली गेल्या. दिल्लीतलं हिंदूराव हॉस्पिटल ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते हिंदूराव घाटगे त्यांचे भाऊ.

(दृश्य: पट्टणकोडोलीची यात्रा. विठ्ठल-बिरदेवाचं देऊळ. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं आकाश. ढोल, कैताळ.)

निवेदन:
आता विसाव्या शतकाकडं. हे हुपरीजवळचं पट्टणकोडोली. बिरदेवाच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर इथं जमतात आणि एवढा भंडारा उधळतात, की आठवडाभर कपड्यांची पिवळी झाक जात नाही. शेजारच्या गावातला मराठा या यात्रेत नारळ फोडतो, प्रसाद खातो, ढोलाच्या तालावर नाचतोसुद्धा. पण मुलीचं लग्न म्हटलं की दोघांचे रस्ते वेगळे. पिढ्यानपिढ्या रोटी चालली, बेटी चालली नाही. होळकर या धनगर समाजातले. राजे झाले, लाखो रुपयांचा महसूल आला, तरी मराठा सरदारांच्या घरातून त्यांच्याकडं मुलगी गेली नव्हती.

हे मोडायचं शाहू महाराजांनी ठरवलं. महाराज मूळचे कागलचेच. १८७४ साली जयसिंगराव घाटग्यांच्या पोटी जन्मलेले, १८८४मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले. दत्तक येण्याआधी त्यांचं नाव होतं यशवंतराव. इंदूर जळालं तेव्हा इंदूरच्या बाजूनं लढणाऱ्याचं नावही यशवंतरावच.

इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर महाराजांचे स्नेही. दोघांनी मिळून कोल्हापूर आणि इंदूर संस्थानांमध्ये शंभर मराठा-धनगर विवाहांचा बेत आखला. त्यातले पंचवीसेक प्रत्यक्षात उतरले. १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदाही आला. पण कायद्यानं लोक हलत नाहीत, दुसऱ्याच्या घरचं उदाहरण दिलं तर त्याहून हलत नाहीत. महाराजांनी उदाहरण आपल्या घरातलं दिलं. कागलच्या धाकट्या पातीतल्या, म्हणजे धाकट्या शाखेतल्या, दत्ताजीराव घाटग्यांची मुलगी, नात्यानं महाराजांची चुलत बहीण. तिचं स्थळ ठरलं तुकोजीरावांच्या मुलाशी, यशवंतराव होळकरांशी.

महाराजांना लग्न बघायला मिळालं नाही. ६ मे १९२२ला मुंबईत त्यांचं निधन झालं. ठरवणारा गेला की ठरलेलं मोडतं, असा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. इथं तसं झालं नाही. १९२४मध्ये लग्न लागलं. नवरदेव पंधरा-सोळाचा, नवरी त्याहून बरीच लहान. आजच्या कायद्यानं दोघंही अल्पवयीन, हे सांगून टाकलेलं बरं. सासरी तिचं नाव संयोगिताराजे.

(दृश्य: मलबार हिलचा चढ. जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे.)

निवेदन:
लग्नाला वर्ष होतं न होतं तोच १९२५च्या जानेवारीत मुंबईत बावला खून खटला गाजला. इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगमसाठी मलबार हिलवर भररस्त्यात बावला या व्यापाऱ्याचा खून. बोट इंदूरकडं दाखवलं गेलं आणि १९२६च्या फेब्रुवारीत तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. दोन वर्षांनी तुकोजीरावांनी अमेरिकेतल्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. तिला नाशिकला हिंदू धर्मात घेणारे शंकराचार्य होते डॉ. कुर्तकोटी, तेही शाहू महाराजांच्या काळात करवीर पीठावर आलेले. इंदूरच्या लग्नात कोल्हापूर काही केल्या पिच्छा सोडत नव्हतं.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं, एकामागून एक, संथ.)

निवेदन:
ही छायाचित्रं नीट बघा. काढणारा मॅन रे, पॅरिसमध्ये राहणारा अमेरिकन. संस्थानिकांचे फोटो कसे असतात आपल्याला ठाऊक आहे. खुर्ची, तलवार, फेटा, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, आणि राणीसरकार दोन हातांवर. इथं तसलं काही नाही. डोक्याला डोकं लावून हसणारं एक तरुण जोडपं. तिचे केस मोकळे, त्याच्या अंगावर साधा सूट. कॅमेरा समोर आहे याचं भान दोघांनाही नाही, किंवा असून पर्वा नाही. दोघांचं शिक्षण इंग्लंडात झालं, दोघांनाही नव्या चित्रकलेचं वेड. ज्यांचं लग्न दोन संस्थानांनी ठरवलं, त्यांनी एकमेकांना मागाहून आणि आपल्या हिशेबानं निवडलं असावं, असं हे फोटो बघताना वाटत राहतं.

फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मॉनव्हेल यानं दोघांची चित्रं दोनदा केली. एकदा युरोपियन वेशात, एकदा मराठी. मराठी वेशातल्या चित्रात महाराज पांढऱ्याशुभ्र गादीवर बसलेले आहेत. पेहराव दरबारी, पण बसण्याची ढब निवांत. संयोगिताराजेंच्या युरोपियन चित्रात गळ्यात इंदूर पेअर्स हे जगप्रसिद्ध हिरे आहेत, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे. चित्रकाराला हिऱ्यांचं कौतुक होतंच, पण बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जाते.

घर बांधायचं ठरलं तेव्हा यशवंतरावांनी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुविशारदाला बोलावलं. १९३० ते १९३३मध्ये माणिकबाग उभं राहिलं. कमानी नाहीत, घुमट नाहीत, सरळ रेषा, काच, धातू आणि वातानुकूलन. १९३३मध्येच मुलगी झाली, उषाराजे. आज माणिकबागेत केंद्र सरकारचं कर कार्यालय भरतं. फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं.

(दृश्य: स्वित्झर्लंडचे डोंगर. निवेदनाआधी दोन सेकंद काहीच नाही.)

निवेदन:
१९३७मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय विशीतलं. मुलगी चार वर्षांचीही नव्हती. यशवंतरावांनी पुढं दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून माणिकबागेसाठी ध्यानमंदिर करून घ्यायचं चाललं होतं. आत त्यानं घडवलेले पक्षी, मधे पाणी. ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही.

इंदूरकरांच्या तोंडी संयोगितागंज हे नाव रोज असतं. तिथला रिक्षावालाही ते घेतो. कागलमध्ये विचारलं तर मात्र बायजाबाई चार जणांना माहीत असतात, संयोगिताराजे एखाद्याला. आपल्याकडं लेक सासरी गेली की माहेरच्या कागदांतून तिचं नाव फार लवकर पुसलं जातं. राजघराण्यातही.

(दृश्य: मध्य भारताच्या उद्घाटनाची छायाचित्रं.)

निवेदन:
शिंदे-होळकरांचं काय झालं? १९४८च्या मे महिन्यात ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत हे राज्य झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दीडशे वर्षांनी दोघं एका मांडवाखाली आले आणि लगेच प्रश्न आला, राजधानी कुणाच्या गावात? तोडगा निघाला: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आठ वर्षं फायली दोन्हीकडं हिंडत राहिल्या. १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात मिसळला आणि राजधानी भोपाळला गेली.